टर्बाइनच्या पलीकडचे पहिले दोन फूट

टर्बो गाडीचा एक्झॉस्ट बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाइप किती इंची टाकायचा? सव्वादोन, अडीच की तीन? उत्तरही बहुधा तयार असतं. ते देताना इंजिन किती लिटरचं आहे, टर्बो केवढा आहे, गाडी रोज कुठल्या रस्त्याने जाते, हे फारसं कुणी विचारत नाही. या कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की इंचांचा प्रश्न खरा असला तरी त्याचा क्रमांक तिसरा आहे. पहिला प्रश्न असा, की टर्बाइनमधून बाहेर पडलेला गॅस पहिल्या दोन फुटांत कसा वळतो, कुठे आपटतो आणि कुठे मोकळा होतो. दुसरा असा, की तिथला दाब कुणी मोजला आहे का. या दोन प्रश्नांची उत्तरं हातात असली की इंच ठरवायला वेळ लागत नाही. ती नसतील तर तीन इंची पाइप टाकूनही गाडी होती तिथेच राहते, फक्त आवाज वाढतो. आवाज वाढला की गाडी जोरात पळते असं कानाला वाटतं, आणि या धंद्यातले बरेच गैरसमज त्या कानापासूनच सुरू होतात.

टर्बाइनचं चाक नुसत्या गॅसच्या झोताने फिरत नाही. त्याच्या अलीकडचा, म्हणजे इंजिनच्या बाजूचा दाब आणि पलीकडचा, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूचा दाब यांचं गुणोत्तर किती आहे, गॅस किती तापलेला आहे आणि तो किती वाहतो आहे, यावर चाकाला मिळणारी ताकद ठरते. यातलं गुणोत्तर महत्त्वाचं, कारण एक्झॉस्ट बनवणाऱ्याच्या हातात तेवढंच असतं. समजा, अलीकडे २०० किलोपास्कल दाब आहे आणि पलीकडे ११०. दोन्ही आकडे हवेचा दाब धरून. गुणोत्तर आलं १.८२. आता पलीकडचा पाइप कोंदट आहे म्हणून तिथला दाब १३० झाला, तर तेच गुणोत्तर १.५४ वर उतरतं. कॉम्प्रेसरकडून तेवढंच बूस्ट हवं असेल तर टर्बाइनला पुन्हा १.८२ गाठावं लागतं आणि त्यासाठी अलीकडचा दाब २३६ पर्यंत चढवावा लागतो. पलीकडे २० वाढले, तर अलीकडे ३६. हा वाढलेला दाब पिस्टनला प्रत्येक एक्झॉस्ट स्ट्रोकमध्ये ढकलावा लागतो, आणि जळालेला गॅस सिलिंडरमध्ये जास्त उरतो. उरलेला गरम गॅस पुढच्या मिश्रणात मिसळतो, नॉकिंगची शक्यता वाढते, ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इग्निशन मागे घेतो. एका अरुंद वळणाची किंमत अशी इंजिनच्या आतपर्यंत वसूल होते. साध्या इंजिनात, म्हणजे टर्बो नसलेल्यात, हा गुणाकार नसतो. म्हणून टर्बो गाडीचा एक्झॉस्ट हा वेगळा विषय आहे, आणि साध्या गाड्यांवर शिकलेला कारागीर इथे हमखास चुकतो.

तो चुकतो ते बहुतेक वेळा एका वाक्यापाशी: “थोडं बॅक-प्रेशर लागतंच, नाहीतर गाडी खालून ओढत नाही.” हे वाक्य इतक्या ठिकाणी आणि इतक्या खात्रीने ऐकायला मिळतं की त्याला नीट उत्तर द्यायला हवं. साध्या इंजिनात मोठा पाइप घातल्यावर कमी फेऱ्यांना ओढ घटते, हे निरीक्षण खरं आहे. कारण मात्र वेगळं आहे. त्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून धावते, पुढच्या जोडावरून किंवा रुंदीच्या बदलावरून उलटी फिरते आणि कमी दाबाची होऊन परत येते. ती योग्य वेळी व्हॉल्व्हपाशी पोहोचली तर सिलिंडर स्वच्छ रिकामा होतो. पाइपची लांबी आणि व्यास त्या वेळेशी जुळवलेले असतात. व्यास वाढवला की गॅसचा वेग मंदावतो, लाट दुबळी होते आणि फायदा हातचा जातो. त्यातच जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत मोकळा सायलेन्सर लावला आणि जेटिंग तेच ठेवलं, की मिश्रण पातळ व्हायचं आणि गाडी अडखळायची. दोन्ही वेळा दोष बॅक-प्रेशर कमी झाल्यावर ढकलला गेला. टर्बो गाडीत तर लाटेच्या वाटेवर टर्बाइनचं चाकच उभं असतं. लाटांची बरीचशी ऊर्जा तेच खाऊन टाकतं, म्हणून टर्बाइनच्या पलीकडे लांबी जुळवून ओढ वाढवण्याचा खेळ जवळजवळ संपलेला असतो. तिथे बॅक-प्रेशरचा इंजिनला कसलाही उपयोग नाही. कमी फेऱ्यांनासुद्धा नाही. उलट पलीकडचा दाब कमी असला की चाक लवकर वेग घेतं आणि बूस्ट थोडं आधी येतं.

एवढं मान्य केलं की समोरचा लगेच म्हणतो, मग तीन इंची घालून मोकळे होऊ, तोटा तर नाही ना? हा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. तीन इंच हा आकडा आपल्याकडे आला तो जपानी दोन ते अडीच लिटरच्या टर्बो गाड्यांबरोबर, म्हणजे सुबारू इम्प्रेझा, मित्सुबिशी इव्होल्यूशन यांच्याबरोबर. तिथे ३०० अश्वशक्ती आणि त्यावर जाण्याची तयारी असायची, त्या हिशोबाला तो आकडा शोभतो. आपल्या रस्त्यावरच्या टर्बो पेट्रोल गाड्यांतल्या बऱ्याचशा १ ते १.२ लिटरच्या, ११० ते १२० अश्वशक्तीच्या. असं इंजिन पूर्ण जोरात असताना सेकंदाला साधारण १०० ग्रॅम गॅस बाहेर टाकतं. तो ७०० अंश सेल्सिअसला आहे असं धरलं, पाइप साडेतीन मीटर लांब, पत्रा दीड मिलिमीटर जाड आणि सहा गुळगुळीत वळणं, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर सोडून नुसत्या पाइपमध्ये दोन इंचीला सुमारे ११ किलोपास्कल दाब खर्च होतो. सव्वादोन इंचीला साडेसहा, अडीच इंचीला ४, आणि तीन इंचीला पावणेदोन. प्रत्यक्षात गॅस मागे जाताना थंड होत जातो, त्यामुळे सगळेच आकडे याहून कमी येतात, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण असंच राहतं. दोनवरून सव्वादोनवर जाताना जेवढं मिळतं, जवळजवळ तेवढंच सव्वादोनवरून थेट तीनवर जाताना मिळतं. पाइपमधला घर्षणाचा खर्च व्यासाच्या पाचव्या घाताने उतरतो, म्हणून पहिला पाव इंच सोन्याचा आणि शेवटचा अर्धा इंच चिल्लर. त्या चिल्लरीसाठी मोजावं काय लागतं? दर मीटरला पाऊण किलो जास्त वजन, मागच्या अ‍ॅक्सलजवळ अडकणारा पाइप, आणि गावाच्या वेशीवरच्या प्रत्येक गतिरोधकावर घासणारा पोटाखालचा सायलेन्सर. म्हणून १२० अश्वशक्तीच्या गाडीला सव्वादोन, फार तर अडीच इंच, २०० च्या आसपास अडीच, आणि तीन इंच अडीचशेच्या पुढे, असा माझा कल आहे.

पण पुन्हा सांगतो, हे तिसऱ्या क्रमांकाचं उत्तर झालं. वरच्या हिशोबात मी सगळ्या पाइपला एकच तापमान धरलं, आणि खरी मेख तिथे आहे. टर्बाइनच्या तोंडाशी पेट्रोल गाडीचा गॅस ८०० अंशांच्या पुढे असू शकतो, मागच्या सायलेन्सरपाशी येईतो तो ४०० ते ४५० वर उतरतो. वस्तुमान तेवढंच, पण तोंडाशी त्याचं आकारमान शेवटच्या मानाने दीडपट. म्हणजे तेच वळण, तोच चेपलेला बेंड, तीच अरुंद फ्लँज जर टर्बाइनजवळ असेल तर तिची किंमत मागच्या टोकापेक्षा दीडपट पडते. त्याशिवाय टर्बाइनमधून निघणारा गॅस सरळ येत नाही, तो पिळा घेत, गोल फिरत येतो. त्याला शांत व्हायला, वेगाचं पुन्हा दाबात रूपांतर करायला थोडी सरळ आणि हळूहळू रुंदावणारी जागा लागते. तिथे कारखान्याच्या घाईत किंवा कारागिराच्या सोयीसाठी लगेच नव्वद अंशांचं वळण दिलं, की पुढे कितीही मोठा पाइप लावा, नुकसान आधीच झालेलं असतं. आणि तिसरी गोष्ट वेस्टगेट. बऱ्याच गाड्यांत ते टर्बाइनच्या घरातच असतं. बूस्ट पुरेसं झालं की त्याचं झाकण उघडतं आणि जास्तीचा गॅस चाकाला वळसा घालून डाउनपाइपात, म्हणजे टर्बाइनला जोडलेल्या पहिल्या पाइपात, येतो. तो येतो आडवा, आणि मुख्य प्रवाहाच्या कुशीत शिरतो. दोन नद्या काटकोनात मिळाल्या की संगमावर पाणी कसं खवळतं, तसं तिथे होतं. यावर उपाय दोन. तोंड घंटेसारखं रुंद ठेवून दोन्ही प्रवाहांना एकत्र पसरायला जागा द्यायची, किंवा मध्ये पडदा घालून वेस्टगेटचा गॅस वेगळा न्यायचा आणि फूट-दीड फुटावर तिरक्या कोनात मिळवायचा. पडद्याची रचना कागदावर सुंदर दिसते, पण पडदा झाकणाच्या जवळ पडला तर झाकण पूर्ण उघडतच नाही, आणि मग बूस्ट आवरत नाही. रोजच्या वापराच्या गाडीला मी घंटेचं तोंडच सुचवतो. चुकण्याची शक्यता त्यात कमी.

पलीकडे उदार व्हायचं असेल तर अलीकडेही व्हावं, असं साहजिकच वाटतं. मॅनिफोल्डचे पाइपही मोठे करा, मोकळे करा. इथे नियम उलटा आहे. सिलिंडरमधून बाहेर पडणारा प्रत्येक ठोका टर्बाइनपर्यंत ताजा आणि गरम पोहोचला पाहिजे. मधली पोकळी जितकी मोठी, तितका तो ठोका पसरून बोथट होतो, आणि पत्र्यावाटे उष्णताही जाते. म्हणून अलीकडचे पाइप लहान, आखूड आणि जाड धातूचे असलेलेच बरे. शिवाय एका सिलिंडरचा ठोका दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळू नये, हेही पाहावं लागतं. चार सिलिंडरच्या इंजिनात १-३-४-२ हा क्रम असेल तर पहिला आणि चौथा एका वाटेने, दुसरा आणि तिसरा दुसऱ्या वाटेने, असं टर्बाइनच्या दोन कप्प्यांत नेतात. ट्विन-स्क्रोल म्हणतात ते हेच. ही कल्पना अलीकडची वाटते, पण तिचं मूळ जवळजवळ टर्बोच्या जन्माइतकं जुनं आहे. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये टर्बोचं पेटंट घेतलं, १९२५ मध्ये डिझेल इंजिनावर ते यशस्वी करून दाखवलं, आणि सिलिंडरांचे गट पाडून त्यांचे ठोके वेगवेगळ्या पाइपांनी टर्बाइनपर्यंत नेण्याची पद्धतही त्यांचीच. शंभर वर्षांपूर्वीचा तो विचार इतका पक्का होता की आजचा मॅनिफोल्ड त्याच वाटेने जातो. आपल्या गाड्यांत तर कित्येकदा मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, त्यामुळे हात लावण्याचा प्रश्न उरत नाही. जिथे उरतो तिथेही, चांगला बिडाचा मॅनिफोल्ड काढून पातळ पत्र्याचा नळ्यांचा बसवलेल्या गाड्यांत वर्ष-दोन वर्षांत वेल्डिंगपाशी चिरा पडलेल्या दिसतात. लालभडक होऊन थंड होण्याचं चक्र रोज सोसायचं आणि वर टर्बोचं वजन टांगायचं, एवढं ओझं पातळ नळीला झेपत नाही.

आता एक आक्षेप शिकलेल्या लोकांकडून येतो, आणि तो वजनदार आहे. आजचा ईसीयू बूस्टचं लक्ष्य स्वतः ठरवतो. पाइप मोकळा केला तर तो वेस्टगेट जरा जास्त उघडेल, बूस्ट होतं तेवढंच ठेवेल. मग मिळालं काय? बूस्टच्या काट्यावर काहीच दिसणार नाही, हे खरं. पण तेच बूस्ट आता अलीकडच्या कमी दाबात तयार होतं. पिस्टनचा ढकलण्याचा त्रास कमी, उरलेला गॅस कमी, इग्निशन थोडं पुढे जाऊ शकतं. फायदा मिळतो तो इथे, आणि तो मापात असतो. ज्या मूळ एक्झॉस्टमध्ये कोंडी फार नाही, तिथे डाउनपाइप बदलून आश्चर्यकारक काही घडणार नाही, आणि ते गिऱ्हाईकाला आधीच सांगितलं पाहिजे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. पाइप मोकळा झाल्यावर चाकाला जास्त ताकद मिळते, आणि वेस्टगेटचं भोक लहान असेल तर ते पूर्ण उघडूनही जास्तीचा गॅस बाहेर काढू शकत नाही. मग वरच्या फेऱ्यांना बूस्ट आपोआप चढत जातं. ईसीयू शेवटी इंधन किंवा थ्रॉटल तोडतो, गाडी झटका खाते, आणि मालक म्हणतो ट्यूनिंग बिघडलं. बिघडलेलं काही नसतं; मोठा पाइप आणि लहान वेस्टगेट यांचं जमलेलं नसतं. उंचीचाही यात हात असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. समुद्रकाठी १०१ किलोपास्कल असणारा हवेचा दाब महाबळेश्वरला ८६ च्या जवळ येतो. तेवढंच बूस्ट देण्यासाठी कॉम्प्रेसरला जास्त पट दाब वाढवावा लागतो, म्हणजे चाक जास्त वेगाने फिरतं. मुंबईत सांभाळून ठरवलेलं गणित घाटमाथ्यावर टर्बोला मर्यादेच्या कडेला नेऊ शकतं. म्हणून एक्झॉस्ट मोकळा केल्यावर बूस्टचं लक्ष्यही लगेच वाढवून घेण्याच्या मी विरोधात आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न कॅटचा. कोंडी पहिल्या दोन फुटांत आहे, आणि आजच्या बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच दोन फुटांत, टर्बाइनला चिकटून असतो. लवकर तापून लवकर काम सुरू करावं म्हणून. मग तोच काढला तर? दाब कमी होईल, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मी ते काम करत नाही, आणि कुणी करू नये असं मनापासून वाटतं. कॅट काढलेल्या पेट्रोल गाडीच्या मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड तर कळतही नाही. ती गाडी सिग्नलला थांबते तेव्हा शेजारी स्कूटरवर पुढे उभं राहिलेलं लहान मूल त्याच उंचीवर श्वास घेत असतं. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर तर डिझेल गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर, त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा सेन्सर, ईजीआरचा, म्हणजे एक्झॉस्टमधला काही गॅस परत इंजिनात नेणाऱ्या व्यवस्थेचा, प्रवाह, हे सगळं एकमेकांवर बेतलेलं असतं. त्यातला एक दुवा काढला की उरलेल्यांची आकडेमोड चुकते. आणि तांत्रिक बाजूनेही हा हट्ट आंधळा आहे. कित्येकदा कोंडी कॅटच्या जाळीत नसते, तिच्यात शिरणाऱ्या शंकूत असते. शंकू आखूड आणि वाकडा असला की गॅस जाळीच्या एका कोपऱ्यातूनच जातो, बाकी जाळी रिकामी राहते. किंवा इंजिनाने तेल खाल्लेलं असतं, मिसफायर होऊन जाळीचा काही भाग वितळलेला असतो. अशी जाळी काढून फेकणं हा इलाज नव्हे. इंजिनाचा आजार बरा करून नवी, तेवढ्याच क्षमतेची जाळी बसवणं हा इलाज आहे.

मागच्या भागाबद्दल थोडक्यात, कारण तिथे डोकं कमी आणि हात जास्त लागतो. पाइप विकत घेताना ‘दोन इंची’ शब्दाचा भरवसा धरू नये. एक्झॉस्टची नळी बाहेरच्या व्यासाने मोजतात, म्हणजे दोन इंची नळी ५०.८ मिलिमीटर. पण हार्डवेअरच्या दुकानातला पाण्याच्या जातीचा दोन इंची पाइप बाहेरून ६०.३ मिलिमीटर भरतो. व्हर्नियर खिशात असावा. अडीच इंची पाइपच्या दोन फ्लँजांमध्ये दोन इंची भोकाचं गॅसकेट दाबलेलं तर इतक्यांदा सापडतं की शंका आली की आधी तेच उघडून बघावं. बेंड वाकवताना नळी चेपली आणि तिचा छेद पाव भागाने कमी झाला, तर तिथे गॅसचा वेग सव्वा ते दीडपट होतो. अडीच इंची पाइपचे पैसे देऊन सव्वादोन इंची वळण घेतल्यासारखं. मँड्रेलवर वाकवलेले तयार बेंड मिळत नसतील तर जुन्या कारागिरांसारखी नळीत कोरडी वाळू गच्च भरून, तापवून वाकवणं चेपलेल्या बेंडापेक्षा कितीतरी चांगलं. स्टेनलेस ३०४ दर मीटरला, ६०० अंशांनी तापल्यावर, जवळपास १० मिलिमीटर वाढतो. कारखान्यातला ४०९, ज्याला चुंबक चिकटतं, त्याहून कमी वाढतो. म्हणून डाउनपाइपनंतर जाळीदार फ्लेक्सिबल तुकडा आणि मागे रबरी हँगर हवेतच. सगळं घट्ट आवळलं की वेल्डिंग फाटतं. आर्गन वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गन सोडावा, नाहीतर आतल्या शिवणीवर खरखरीत काळे दाणे उठतात आणि तीच शिवण नंतर फुटते. ऑक्सिजन सेन्सर आडव्या रेषेच्या किमान दहा अंश वर, टोक खालच्या दिशेला राहील असा बसवावा, म्हणजे सकाळी गाडी सुरू केल्यावर जमणारं पाणी त्याच्यात साचत नाही. मागे दोन तोंडं लावायची हौस असेल तर लावावीत, पण एका टर्बोच्या चार सिलिंडर गाडीत त्याचा संबंध फक्त दिसण्याशी आहे. तेवढ्याच एकूण छेदाच्या दोन नळ्यांत घर्षण एका नळीपेक्षा जास्तच होतं.

आवाजाचा मात्र एक प्रश्न खरोखर त्रासाचा आहे. चार सिलिंडरचं इंजिन २४०० फेऱ्यांवर असताना सेकंदाला ८० ठोके पडतात, आणि हायवेवर शंभरच्या वेगाला बऱ्याच गाड्या याच फेऱ्यांच्या आसपास असतात. मोठ्या, रिकाम्या पाइपात हा घुमा आवाज केबिनमध्ये असा भरतो की पुण्याहून कोल्हापूरला पोहोचेपर्यंत डोकं धरतं. त्यावर एका टोकाला बंद असलेली बाजूची नळी जोडून तोच आवाज मारता येतो, पण ८० ठोक्यांसाठी तिची लांबी सव्वा ते दीड मीटर लागते आणि छोट्या गाडीखाली एवढी जागा नसते. मधला रेझोनेटर काढून टाकण्याआधी हे ध्यानात घ्यावं. सरळ जाळीच्या रेझोनेटरने दाब फार वाढत नाही, पण आवाज बराच मारला जातो.

शेवटचा आक्षेप दाब मोजण्याबद्दलचा आहे. मोजमाप प्रयोगशाळेत होतं, गॅरेजमध्ये कोण करणार? डिझेल जनरेटर बसवणारे लोक करतात. त्यांच्याकडे इंजिन बनवणारी कंपनी एक्झॉस्टच्या दाबाची मर्यादा लिहून देते, पुष्कळदा ती १० किलोपास्कलच्या आसपास असते, आणि लांब चिमणी जोडल्यावर ती पाळली गेली का हे बघूनच काम पुरं होतं. गाडीवाल्यांनी हा रिवाज कधी घेतलाच नाही. खर्च म्हणावा तर काहीच नाही. टर्बाइन आणि कॅटच्या मधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी एक अ‍ॅडॉप्टर, त्याला दोन-तीन वेटोळी दिलेली बारीक तांब्याची नळी म्हणजे गॅस थंड होतो, पुढे रबरी नळी आणि शून्य ते शंभर किलोपास्कलचं साधं गेज. सेन्सर काढलेला असताना गाडी फार वेळ पळवायची नाही, त्यासाठी वेगळं भोक पाडून बंग, म्हणजे आट्यांची कडी, वेल्ड करून ठेवला तर आणखी चांगलं. गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरवर, चढवायची, रस्त्यावर हे करू नये. पूर्ण थ्रॉटलला वरच्या फेऱ्यांपर्यंत नेऊन काटा कुठे जातो ते लिहायचं. मग तेच कॅटच्या मागे, तेच सायलेन्सरच्या आधी. तीन आकडे मिळाले की कोंडी कुठे आहे ते समोर दिसतं. कॅटच्या मागे ८ किलोपास्कल आणि पुढे ३५ असेल, तर पाइपचे इंच वाढवण्यात काहीच हशील नाही. जाळी किंवा तिचा शंकू बघायचा. कॅटच्या मागेच ३० असेल तर मग मागचा पाइप, बेंड, गॅसकेट, सायलेन्सर. मी गेज लावायला सुरुवात केल्यापासून कामाचा क्रम पार बदलला. पूर्वी सगळा पाइप बदलून मग काय झालं ते बघायची पद्धत होती, आता बऱ्याच गाड्यांत एक वळण आणि एक गॅसकेट बदलून थांबता येतं. पावसाळा संपल्यावर तीच तीन मापं पुन्हा घ्यावीत, कारण छोट्या अंतरांवर फिरणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये पाणी राहतं, आतली काचेची लोकर भिजून गोळा होते आणि जाळीची भोकं बुजतात. बाहेरून पत्रा चकचकीत असतो, आवाजही फारसा बदललेला नसतो. काटा तेवढा चार-पाच किलोपास्कल वर सरकलेला असतो, आणि तो सरकला हे पहिल्या दिवशीचे आकडे वहीत लिहून ठेवले असतील तरच कळतं.